हाक ऐकू जाते, मग ओ का येत नाही?

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना मधेमधे गाड्यांचे हॉर्न आले असतील तर सांभाळून घ्या. अर्धं रेकॉर्डिंग पाटणला घरी केलंय आणि घर रस्त्याला लागून आहे. लिहिताना 'म्हणजे कसंय' आणि 'अं' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

पॉडकास्ट इतिहासाचा आणि विषय लहान मुलांच्या मेंदूचा, हे कसं, असं कुणी विचारेल. मी सुरुवात 11 डिसेंबर 1967 पासून करतो. त्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयना खोरं हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरात घरं जमीनदोस्त झाली. आमच्या तालुक्यातल्या सत्तरीपुढच्या कुणालाही विचारा, त्या पहाटे आपण कुठल्या कुशीवर झोपलो होतो हेसुद्धा तो सांगेल. माझी आत्या तेव्हा वीस वर्षांची होती, पोटात सहा महिन्यांचं बाळ. घराची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून ती वाचली. मार्च 1968 मध्ये तिला मुलगा झाला. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो.

दादा दीड वर्षाचा झाला तरी हाकेला ओ देईना. चालत होता, खात होता, अंगानं चांगला धडधाकट. पण नावानं हाक मारली तर मान वळायची नाही. मग घरातल्या घरात परीक्षा सुरू झाल्या. आजोबांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून पितळी ताट बडवलं. दादा मुंगी बघत बसलेला, तसाच बसला. झालं, पोरगं बहिरं आहे असं ठरलं. पण संध्याकाळी लांब वळणावर यष्टीचा हॉर्न वाजला की हाच दादा सगळ्यांच्या आधी दारात. परड्यात कुणी गुळाच्या ढेपेचं फडकं सोडलं तरी त्याला कळायचं. आजी एक दिवस म्हणाली, "ह्येला आईकू येतंय. ह्यो आईकत न्हाय."

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं' यांत तिनं जो फरक केला, त्याच फरकाच्या मागे जगभरातले डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तेव्हा पंचवीस वर्षं लागलेले होते, आणि पुढेही कितीतरी वर्षं लागणार होते. आजचा भाग त्याबद्दल आहे.

आधी दादाचं काय झालं ते सांगतो. वेखंड उगाळून मधातून चाटवून झालं. नाईकबाला नवस झाला. तो पाच वर्षांचा असताना आजोबांनी त्याला मिरजेला नेलं. आमच्याकडे साताऱ्या-सांगलीत तेव्हा मोठं दुखणं म्हटलं की मिरजच. तिथल्या डॉक्टरांनी कान तपासले आणि कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. फक्त त्यानं घरच्यांचा प्रश्न सुटला नाही, उलट अवघड झाला. कान चांगले असून पोरगं ओ देत नाही, याचा अर्थ दोष दुसरीकडे कुठंतरी आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे? आधी भूकंपाचा धसका. मग कुणाला तरी आठवलं, दिवस असताना हिनं ग्रहणात विळी हातात घेतली होती. मग शेवटी जे नेहमी होतं तेच झालं. पोराशी आई नीट बोललीच नाही, म्हणून पोरगं बोलत नाही. आत्या दिवसभर शेतात असायची, त्यामुळे हे वाक्य तिच्या माथी मारायला सोपं गेलं.

आता मजा बघा, म्हणजे मजा म्हणायची का ते तुम्ही ठरवा. कोयनेचा भूकंप झाला त्याच 1967 साली अमेरिकेत शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक आलं. भलतंच गाजलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अशी मुलं आतून बंद होतात ती आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणामुळे. तिकडे अशा आयांना 'फ्रीजसारख्या आया' म्हणायचे. पाटणला तेव्हा फ्रीज नव्हते, पण आरोप अगदी हाच होता. एकीकडे विद्यापीठ, वर्तमानपत्रं, टीव्ही. दुसरीकडे चुलीपुढे बसलेल्या चार बायका. निष्कर्ष एकच.

या मुलांना वेगळं नाव मिळालं 1943 मध्ये. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला. त्यातला तिसरा मुलगा त्यांच्याकडे आणला होता तो बहिरा आहे या शंकेनं, कारण तो बोलत नव्हता आणि विचारलेल्याला उत्तर देत नव्हता. अकरांपैकी एक मुलगी तर काही काळ मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ठेवलेली होती. म्हणजे ताट बडवून बघणारे आमचे आजोबा एकटे नव्हते. 'ऑटिझम' हा शब्द कॅनर यांनी घडवला नाही. तो स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी तीसेक वर्षं आधी वेगळ्या आजारासाठी वापरला होता. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून मराठीत 'स्वमग्नता' आलं. शब्द ऐकायला छान आहे, पण मला थोडा खटकतो. स्वमग्न म्हटलं की एखादा साधू डोळे मिटून बसलाय असं वाटतं, जणू मनात आणलं तर उठून येईल.

कॅनर पहिलेच होते असंही नाही. मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी 1925 मध्येच अशा मुलांचं वर्णन केलं होतं. व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर 1944 मध्ये आले. त्यांनी काही मुलांना ज्या संस्थेत धाडलं, तिथे नाझी राजवट अपंग मुलांना मारत होती, हे कागदपत्रांनिशी 2018 मध्ये बाहेर आलं. त्यावर एक वेगळा भाग करावा लागेल.

कॅनर यांचा पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना मुलाबद्दल तेहतीस पानांचं टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं. डोनाल्ड स्वतःसाठी 'मी' न म्हणता 'तू' म्हणायचा. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला. दादाला तहान लागली की तो आजही म्हणतो, "पाणी पायजे का?" आम्ही लहानपणी त्याला उत्तर द्यायचो, "नको रे दादा, आत्ताच प्यालो." आणि तो चिडायचा. त्यानं ते वाक्य जसंच्या तसं आईच्या तोंडून उचललं होतं. ती पाणी देताना तेच म्हणायची ना! त्याच्या लेखी त्या पाच-सहा आवाजांचा अर्थ 'पाणी' हाच होता. म्हणजे शब्द आत जात होते. नुसते जात नव्हते, राहतही होते. मग ओ का नाही?

इथे गोष्ट मेंदूकडे वळते, आणि तिची सुरुवातही एका न मारलेल्या हाकेपासून होते. हान्स बर्गर नावाचा जर्मन तरुण सैन्यात असताना घोड्यावरून पडला, जेमतेम वाचला. त्याच दिवशी लांब घरी असलेल्या त्याच्या बहिणीला उगाच वाटलं की भावाचं काहीतरी बरं नाही, आणि तिनं वडिलांना तार करायला लावली. बर्गरला वाटलं, माझ्या मनातली भीती तिच्यापर्यंत पोचली कशी? मेंदूतून काहीतरी बाहेर पडतं का? त्या नादात तो डॉक्टर झाला, येना शहरात राहिला, आणि 1924 मध्ये त्यानं माणसाच्या मेंदूतली विजेची हालचाल पहिल्यांदा कागदावर उतरवली. जगाला सांगितलं पाच वर्षांनी, 1929 मध्ये. मनातलं दुसऱ्याला कळतं का, याचं उत्तर त्याला मिळालं नाही. पण ई.ई.जी. मिळाला. चुकीच्या प्रश्नातून बरोबर यंत्र निघालं असं म्हणा हवं तर.

हा ई.ई.जी. म्हणजे डोक्याला बाहेरून तारा चिकटवून आतली वीज मोजणं. वीज किती? रिमोटमधल्या पेन्सिल सेलची ताकद दीड व्होल्ट. डोक्यावर मिळते ती व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. आणि त्यातही सगळा कालवा असतो. मेंदू एका वेळी हजार कामं करतोय, त्यातून 'भाकरी' हा एक शब्द ऐकल्यावर काय हललं ते शोधायचं कसं? यावरची युक्ती फार साधी आहे. सुट्टीच्या दिवशी पाटणच्या स्टँडवर उभे राहा. गोंगाटात कंडक्टरची घंटी वेगळी ऐकू येणार नाही. पण समजा तुम्ही शंभर गाड्या सुटतानाचा आवाज रेकॉर्ड केला आणि घंटी जिथे वाजते तो क्षण जुळवून सगळ्या रेकॉर्डिंग एकावर एक ठेवल्या. भांडणं, रडणं, भेळवाल्याची हाक दर वेळी वेगळ्या जागी येणार, ती एकमेकांत विरून जाणार. घंटी दर वेळी त्याच जागी, ती वर येणार. मेंदूचं तसंच करतात. तोच प्रकारचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा, प्रत्येक वेळची नोंद घ्यायची आणि सरासरी काढायची. गोंगाट बसतो, उत्तर उरतं. म्हणजे तोंडानं ओ दिली नाही तरी मेंदूनं दिलेली ओ कागदावर येते.

1970च्या सुमारास याच युक्तीतून एक चाचणी निघाली, जी आज आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: बेरा. मूल बोलत नाही म्हटलं की डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, 'बेरा करून घ्या'. बाळाला औषध देऊन झोपवतात, डोक्याला तारा लावतात, कानात टिक-टिक-टिक आवाज सोडतात आणि कानापासून मेंदूच्या देठापर्यंत संदेश पोचतोय का ते बघतात. मिरजेला दादाचं जे अंदाजानं ठरवलं, ते आता मूल झोपेत असताना ठरतं. आजीच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग बेरा सांगते: ह्येला आईकू येतंय. दुसरा अर्धा ती सांगू शकत नाही, कारण टिक-टिकला अर्थ नसतो.

अर्थापर्यंत पोचायला 1980 उजाडलं. कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम भलताच केला होता. आपल्याकडचं करून सांगतो: 'आईनं ताटात गरम भाकरी आणि चप्पल वाढली.' तुम्ही आत्ता 'चप्पल'ला अडखळलात ना? तो अडखळा मेंदूत दिसतो. भलता शब्द आल्यापासून साधारण 400 मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, एक लाट खाली जाते. तिचं नावच 'एन 400' पडलं. पुढे ऐकलेल्या शब्दांनाही ती येते हे दिसलं. शब्द नुसता कानावर पडलेला नाही, त्याचा अर्थ लावायला मेंदू कामाला लागलाय, याची ती खूण.

मग साहजिकच कुणीतरी हीच टोपी स्वमग्न मुलांच्या डोक्यावर चढवणार होतं. 1999 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं मुलांना शब्द ऐकवले, काही प्राण्यांचे, काही प्राणी नसलेल्या गोष्टींचे. इतर मुलांच्या मेंदूत दोन्हींना वेगवेगळा प्रतिसाद होता. स्वमग्न मुलांत तो फरक दिसला नाही. शब्द त्यांना माहीत नव्हते म्हणून असं झालं असेल का? तसं म्हणता येत नाही. मेंदू त्या शब्दांची लावणी वेगळ्या तऱ्हेनं करत होता असं फार तर म्हणता येईल.

त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली, जी मला या सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिला यंत्र लागलं नाही. 1994 मध्ये ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ गोळा केले. अकरा मुलं पुढे स्वमग्न ठरलेली, अकरा नाही. केक, फुगे, मावश्या, सगळं तेच. त्यात त्यांनी मोजलं, मूल चेहऱ्यांकडे किती बघतं, बोट दाखवतं का, वस्तू आणून दाखवतं का, आणि नावानं हाक मारल्यावर वळतं का. एक वर्षाच्या मुलातही फरक दिसत होता. आजी-आजोबांनी परड्यात जे बघितलं तेच यांनी टीव्हीवर मोजलं. आपण वाढदिवसाचे व्हिडिओ काढतो आणि परत कधी बघत नाही, ते असं कुणाच्या कामी येईल असं वाटलं होतं का?

2005 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी डॉसन आणि इतरांबरोबर मुलांना निवड करू दिली. एका बाजूला आईच्या लाडिक बोलण्याचा आवाज, तेच आपलं 'कुठं गेलं माझं सोनं गं ते'. दुसऱ्या बाजूला त्याच चढउताराचा, पण यंत्रानं केलेला, शब्द नसलेला आवाज. स्वमग्न मुलांचा कल यंत्राच्या आवाजाकडे होता. पण सगळ्यांचा नाही. आणि ज्यांना आईचा आवाज आवडला, त्यांच्या मेंदूनं 'बा' आणि 'वा' अशा जवळच्या ध्वनींतला फरकही इतर मुलांसारखाच पकडला. यष्टीच्या हॉर्नला धावणारा आणि आईच्या हाकेला न वळणारा दादा मला इथे पुन्हा भेटला.

आणि मग 2013. याच लोकांनी चोवीस स्वमग्न आणि वीस इतर मुलं घेतली, सगळी दोन वर्षांची. त्यांना तीन तऱ्हांचे आवाज ऐकवले: ओळखीचे शब्द, अनोळखी शब्द, आणि उलटे वाजवलेले शब्द. डोक्याला लवचिक टोपी, समोर खेळणी. इतर मुलांमध्ये ओळखीच्या आणि अनोळखी शब्दांतला फरक मेंदूच्या डाव्या बाजूला, ठरावीक जागी दिसला. भाषेचं काम मुख्यतः डावीकडे चालतं, हे ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं 1861 पासून सांगितलेलंच आहे. स्वमग्न मुलांत दोन गट पडले. ज्यांची माणसांत मिसळण्याची अडचण कमी होती, त्यांचा प्रतिसाद इतरांसारखाच डावीकडे होता. ज्यांची अडचण जास्त, त्यांचा विखुरलेला आणि उजवीकडे. मग हीच मुलं चार आणि सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. दोन वर्षांच्या वयात शब्दांना मेंदूनं दिलेल्या प्रतिसादावरून, पुढे ती भाषा किती समजतील, रोजच्या गोष्टी किती जमतील, याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर आला होता.

ही बातमी तेव्हा जगभर फिरली. इथे मी एक ब्रेक लावतो, कारण ही अशी बातमी असते जी व्हॉट्सअ‍ॅपवर येताना 'आता मेंदूच्या चाचणीत कळणार तुमचं मूल बोलणार की नाही' अशी होऊन येते. चोवीस मुलं म्हणजे फार थोडी. हा निष्कर्ष गटाचा आहे, एका पोराच्या कपाळावरचा लेख नाही. ही चाचणी दवाखान्यात निदानासाठी वापरत नाहीत, आणि कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर चपला घाला आणि निघा. शिवाय ते शब्द इंग्रजी होते. आमच्याकडच्या दोन वर्षांच्या पोराच्या यादीत 'म्हस', 'यष्टी' आणि 'बापू' येणार. ती यादी करून टोपी घेऊन बसणारं कुणीतरी इकडे यायला हवं, एवढंच मी म्हणतो.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांच्या गटानं एम.आर.आय.मध्ये स्वमग्न मुलांचे मेंदू पाहिले. माणसाचा आवाज ओळखणारा भाग आणि 'हे बरं वाटतंय' असं सांगणारा भाग, यांच्यातला दुवा त्यांना कमकुवत आढळला. म्हणजे आवाज पोचतो, पण त्याची गोडी पोचत नसावी. हे वाचून आत्या डोळ्यांपुढे आली. पोराशी बोलली नाही म्हणून जिला बोललं गेलं, ती खरं तर बोलून बोलून थकली होती.

आणि त्याच 2013 मध्ये, 6 फेब्रुवारीला, आपल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा गाडी येते, डॉक्टर मुलं तपासतात, ती ही गाडी. त्यांच्या यादीत भाषा उशिरा येणं आहे आणि स्वमग्नताही आहे. शंका आली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. माझ्या बहिणीच्या मुलाला त्या गाडीनंच हेरलं. तो तीन वर्षांचा आहे. हो, या भागाचं कारण तोच. बहिणीला कुणीतरी एका ठिकाणी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा, दोन भाषांनी मूल गोंधळतं. ती तसं करू लागली. परिणाम काय, तर त्याच्या आजीनं त्याच्याशी बोलणंच सोडलं, कारण तिला इंग्रजी येत नाही. हे मी मुद्दाम सांगतो. दोन भाषांच्या घरात वाढल्यानं स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमच्या घरात असं कुणी मूल असेल तर आजीला बोलू द्या.

इलाजाचं म्हणाल तर एक चांगलं काम आपल्या शेजारीच झालंय. गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था आहे. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत, दोन्हीकडे मिळून पासष्ट मुलांवर एक प्रयोग केला. तो 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आला. आपल्याकडे या मुलांसाठी तज्ज्ञ शोधायचा म्हणजे पुणे-मुंबई. म्हणून त्यांनी तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनाच शिकवलं. त्या घरी जायच्या, आई मुलाशी खेळतानाचा छोटा व्हिडिओ काढायच्या आणि मग आईबरोबर बसून तो बघायच्या. कशासाठी? मुलानं कधी नजर टाकली, कधी हात पुढे केला, कधी आवाज काढला, ते क्षण आईला दाखवण्यासाठी. ते इतके बारीक असतात की घाईत निसटतात. मग आईनं त्या क्षणाला प्रतिसाद द्यायचा. मूल जिकडे बघतंय तिकडचं बोलायचं, आपलं सोडून. सगळीच मोजमापं सुधारली नाहीत. पण आईबाप मुलाच्या कलानं घ्यायला लागले आणि मुलं आपणहून जास्त वेळा काहीतरी सांगू लागली. म्हणजे तिथे आधी ओ द्यायला शिकले ते मोठे.

दादाच्या वेळी यातलं काही नव्हतं. मुंबईत मुक्या-बहिऱ्यांची शाळा 1885 पासून होती. मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा 1944 मध्ये निघाली, वकील दांपत्यानं आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. पण दादा यांतल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हता, आणि मुंबई लांब होती. दिल्लीत मेरी बरुआ या आईनं 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली 1991 मध्ये, तेव्हा तो तेवीसचा झालेला. 1995च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता नव्हती. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती पहिल्यांदा नाव घेऊन आली, 2016च्या कायद्यात एकवीस प्रकारांत बसली. मधे 2009 मध्ये आपल्या देशासाठी चाळीस प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली. ऐकलेलं तसंच परत म्हणणं आणि 'मी'च्या जागी 'तू' येणं, दोन्ही त्यात आहेत. 'पाणी पायजे का' सरकारी कागदावर आलं म्हणायचं. दादाच्या दाखल्यावर मात्र अजून 'मतिमंद' आहे. न्यासाच्या कायद्यात तेही धरतात, त्यामुळे पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करता येतो. आत्या ऐंशीला टेकलीय, त्यामुळे मी सध्या त्याच कागदांच्या मागे आहे. आपण गेल्यावर याचं कोण, हे ती विचारत नाही. ती माझ्याकडे नुसती बघते.

रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी मी तिला हे सगळं थोडक्यात सांगत होतो. दादा उंबऱ्यावर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. सायंकाळच्या गाडीची वेळ. मी तिला म्हणालो, आत्या, हे धसक्यानं होत नाही, ग्रहणानं होत नाही, आईच्या बोलण्या-न बोलण्यानं तर अजिबात होत नाही. बर्नार्ड रिमलँड नावाच्या माणसानं, त्याचाही मुलगा असाच होता, 1964 मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की हे मेंदूच्या घडणीतलं आहे. 1977 मध्ये इंग्लंडमध्ये जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्या तपासल्या, तेव्हा हे रक्तातून येतं हे दिसायला लागलं. आणि ज्या कॅनर डॉक्टरांनी आधी आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहिलं होतं, त्यांनी स्वतः 1969 मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून सांगितलं, की तुम्हा आईबापांना मी दोषातून मोकळं करतो.

आत्यानं विचारलं, "कवा म्हनलास?"

"1969."

तिनं बोटांवर मोजलं. "तवा ह्यो एक वर्साचा."

"हो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर वळणावर हॉर्न वाजला आणि दादा उठून उभा राहिला.

"मग मला का न्हाय कुनी सांगितलं?" आत्या म्हणाली.